ताईचा डबा

लहानपणी टिल्लू हे नाव पडलं ते कायमचं चिकटलं. आता तो दारातून आत शिरताना मान वाकवायचा, तरी थोरल्या बहिणीसाठी तो टिल्लूच. एका मोठ्या कचेरीतले सर्व्हर सांभाळणं हे त्याचं काम. ते सगळे लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या एका फुकट प्रणालीवर चालायचे, आणि त्याचं त्यावर भलतंच प्रेम होतं. घरातला, शेजारचा, ओळखीपाळखीतला कुठलाही कॉम्प्युटर रुसला की हाक टिल्लूला.

ताई बाहुल्यांच्या नाटकांना संगीत द्यायची. चोर दबक्या पावलांनी आला, म्हातारीची मान डुगडुगली, राजाचा मुकुट घरंगळला, हे सगळं ती बोटांनी वाजवायची. प्रयोग चालू असताना, पडद्याच्या कडेला बसून. बाहुली नाचवणाऱ्याचं मनगट रोज थोडं वेगळं वळतं, तिची बोटं त्याच्या मागोमाग जायची. "माऊसनं मांडलेलं संगीत इस्त्री केल्यासारखं वाटतं," ती म्हणायची. "चुणी म्हणून नाही कुठे."

आणि आजार जडला तो नेमका बोटांचा. आधी हातांतली, मग सगळ्या अंगातली ताकद हळूहळू ओसरत जाणारा. डॉक्टरांनी त्याचं लांबलचक नाव सांगितलं, पण त्यावर औषध काही सांगितलं नाही. आधी पियानोची पट्टी सुटली. मग तिला हा डबा सापडला. वहीएवढा चपटा, वर रबराचे मऊ चौकोन. चौकोनावर बोट दाबलं की कॉम्प्युटरमधून हवा तो आवाज येई, ढोल म्हणा, घंटा म्हणा, दाराची करकर म्हणा. त्याच्यासोबत कंपनीचं एक सॉफ्टवेअर होतं. त्यातून डबा इतका हलका करता यायचा की बोट नुसतं टेकलं तरी वाजे. डब्याला स्वतःची आठवण मात्र नव्हती. वायर जोडली की दर वेळी त्या सॉफ्टवेअरनं त्याला सांगायचं, हलका हो. आणि ते सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालायचं. कंपनी तर कधीच बंद पडली होती.

एका सकाळी ताईच्या जुन्या कॉम्प्युटरमधून जळका वास आला आणि तो बसला तो बसलाच. भाऊजी, म्हणजे ताईचा नवरा, चष्म्याच्या कारखान्यात काचा घासायचे. ते संध्याकाळी नवा लॅपटॉप घेऊनच घरी आले. पण नव्या विंडोजला डब्याची जुनी भाषा कळेना, आणि जुनं विंडोज नव्या लॅपटॉपवर चढेना. टिल्लूनं सगळं करून पाहिलं. शेवटी म्हणाला, "ताई, एकच वाट दिसते. लिनक्स टाकतो."

"टाक बाबा, काय टाकायचं ते टाक. बाहुलीवाल्याचे रोज फोन येतात. नवं नाटक उभं राहतंय त्यांचं."

लिनक्सवर विंडोजची सॉफ्टवेअर चालवायला वाइन नावाची सोय आहे. टिल्लू ती बसवत होता तेव्हा भाऊजींनी विचारलं, "काय चाललंय?"

"वाइन लावतोय."

"सकाळी सकाळी?" भाऊजी म्हणाले. ताई खळखळून हसली. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणी तसं हसलं होतं.

सुरुवात तर झकास झाली. ताईचं संगीताचं सॉफ्टवेअर वाइनमधून पहिल्याच झटक्यात उघडलं. तिचे सगळे जुने आवाज एकामागून एक जागे झाले. टिल्लूची छाती फुगली. मग त्यानं डबा जोडला. दिवे लागले, लिनक्सनं त्याला ओळखलंसुद्धा. टिल्लूनं चौकोनावर जोरात बोट मारलं, ढोल घुमला.

"आता तू," तो म्हणाला.

ताईनं बोट ठेवलं. काहीच वाजलं नाही.

डबा हलका व्हायचा होता ना अजून. टिल्लूनं ते हलकं करणारं सॉफ्टवेअर वाइनमधून उघडलं. खिडकी आली, बटणं आली, पण सगळी राखाडी. वर एकच ओळ: उपकरण सापडत नाही. डबा शेजारीच होता, दिवे लुकलुकत होते, आणि ही बया म्हणते सापडत नाही.

"दुसरीकडून आवाज मोठा नाही करता येणार?" भाऊजींनी विचारलं.

"डब्यातून काही बाहेर आलं तर मोठं करू ना, भाऊजी. हिच्या बोटाचं त्याला कळतच नाहीये. शून्याला कितीनं गुणायचं?"

त्यानंतर टिल्लूचा प्रत्येक रविवार ताईच्या खोलीत गेला. त्यानं लिनक्सच्या पोटात जुनं विंडोज बसवून पाहिलं, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत एक खोटा कॉम्प्युटर. त्यात डबा ओळखला गेला आणि हलकाही झाला, पण आवाज यायला उशीर व्हायचा. फार नाही, पापणी लवावी एवढाच. ताईनं अंगठ्यानं दोन चौकोन वाजवले आणि हात मागे घेतला. "हे म्हणजे आपण बोलावं आणि भिंतीनं उत्तर द्यावं तसं होतंय. बाहुली पडून जाईल आणि माझा आवाज मागून येईल." मग त्यानं डबा त्या खोट्या कॉम्प्युटरमध्ये हलका करून लिनक्सच्या हवाली करून पाहिला. हवाली करताच दिवे एकदा विझून पेटले आणि डबा पुन्हा दगड.

बाहुलीवाल्याचा फोन आला की ताई म्हणायची, "बस, होतच आलंय." आणि टिल्लूकडे बघायची. त्याला ते बघणं सोसेना. कचेरीत शेकडो मशिनं त्याच्या एका शब्दावर उठायची-बसायची, आणि इथे एका वहीएवढ्या डब्यापुढे त्याची अक्कल चालत नव्हती.

लिनक्सवर संगीत करणाऱ्यांचा इंटरनेटवर एक गट होता. त्यानं तिथे आपलं रडगाणं मांडलं. बहुतेकांनी सांगितलं, दुसरा डबा घ्या. पण एवढा हलका होणारा दुसरा डबा कुणी बनवतच नव्हतं. शेवटी एका अनोळखी माणसानं लिहिलं: त्या खोट्या कॉम्प्युटरमध्ये सॉफ्टवेअर डब्याला काय सांगतं, ते चोरून ऐका. तेच शब्द लिनक्समधून डब्याला सांगा. डब्याला कुठे कळतंय कोण बोलतंय ते!

टिल्लू डबा आपल्या घरी घेऊन गेला आणि ऐकत बसला. शब्द कसले, नुसते आकडे. कुठले हलकं करण्याचे, कुठले दिवे लावण्याचे, काही पत्ता लागेना. कितीदा चुकीचं काही पाठवलं आणि डबा गोठला. एकदा तर तो मेलाच असं वाटून टिल्लूला घाम फुटला. पण एका दुपारी त्यानं आकड्यांची एक माळ पाठवली आणि दिव्यांचा रंग बदलला. त्यानं चौकोनावर बोट टेकवलं. वाजला. कागदाचा कपटा टाकला. वाजला. उशीर नाही, काही नाही. तो खुर्चीतून उठून खोलीभर नाचला आणि ताईला फोन लावला.

"ताई, झालं! फुंकर मारली तरी वाजेल असा केलाय!"

रविवारी तो गेला तेव्हा ताई केस विंचरून, नवा कुर्ता घालून तयार बसली होती. भाऊजी दारात उभे. टिल्लूनं वायर जोडली, आकड्यांची माळ पाठवली, दिव्यांचा रंग बदलला. ताईनं दोन्ही हात उचलून डब्यावर आणले.

अंगठा वाजला. ती हसली. मग तिनं पहिलं बोट ठेवलं. काही नाही. मधलं. काही नाही. तिनं ओठ घट्ट मिटले, खांदा पुढे घेतला, पुन्हा ठेवलं. बोट चौकोनाच्या वरच तरंगत राहिलं, खाली येईचना. तिला मात्र वाटत होतं की ती दाबतेय.

टिल्लूनं वायर तपासली. आकडे तपासले. लागणाऱ्या दाबाचा आकडा आधीच सगळ्यात खाली होता, त्याच्या खाली काही नव्हतं.

"लिनक्सचीच काहीतरी गडबड आहे," तो म्हणाला. "थोडं राहिलंय अजून. थांब जरा."

"अरे, झालं म्हणालास ना?"

"म्हणालो खरं. पण... बघतो."

पाणी प्यायच्या निमित्तानं तो स्वयंपाकघरात गेला. भाऊजी मागोमाग आले आणि दार लोटून घेतलं.

"डबा ठीक आहे ना?" त्यांनी हळूच विचारलं.

टिल्लूनं होकारार्थी मान हलवली.

"मला वाटलंच. परवापासून चमचा नीट धरवत नाही तिला. मला म्हणते, चमचाच गुळगुळीत आहे." भाऊजी नळाकडे बघत राहिले. "डबा दुरुस्त होईपर्यंत तरी तिला कळायला नको असं वाटत होतं. आता तू तो दुरुस्त करून बसलास."

"मग मी काय करू?"

"मला विचारतोस? मी काचा घासणारा माणूस."

ते परत आले तेव्हा ताई डब्याकडे एकटक बघत होती. "टिल्लू, इकडे ये. तू दाब बघू."

"मी दाबून काय होणार? माझं बोट जड. त्यानं काही कळत नाही."

"अरे, मग हळू दाब. माझ्यासारखं."

टिल्लू तिच्या शेजारी बसला. चौकोनाला बोट लावायचंच नाही, लावल्यासारखं करायचं, असं त्यानं ठरवलं. त्यानं हात पुढे नेला आणि बोट केसभर वर धरलं. पण तेवढंसं अंतर राखणं त्याला जमेना. बोटाचं टोक रबराला निसटतं लागलं न लागलं, तोच खोलीत एक घंटा वाजली, अगदी स्पष्ट, गोड.

घंटेचा आवाज विरला.

"म्हणजे चालतोय," ताई म्हणाली.

"हो."

"चांगला चालतोय."

"हो, ताई." आणि मग तो भडाभडा बोलायला लागला. नजरेनं चालणारी यंत्रं असतात, मानेनं चालणारी असतात, ती लिनक्सवर आणता येतील, कॅमेरा लावू, फुंकरीवर वाजेल असं काहीतरी करू, त्या गटातल्या माणसाला विचारतो, तो हुशार आहे...

"टिल्लू," ताई म्हणाली, "गप्प बस जरा."

तिनं एक हात दुसऱ्या हातानं उचलून मांडीवर ठेवला. ती रडली नाही. टिल्लूला वाटलं, ती रडली असती तर काहीतरी करता आलं असतं, निदान पाणी तरी आणून दिलं असतं. भाऊजी आले, तिच्या खुर्चीमागे उभे राहिले आणि तिचे विंचरलेले केस उगाच पुन्हा सारखे करायला लागले.

"बाहुलीवाल्याला फोन लावा," ती नवऱ्याला म्हणाली. "फोन कानाशी धरा माझ्या. मीच सांगते."

तिनं सांगितलं. पलीकडून तो बराच वेळ काही बोलत होता. ती नुसतं "हो, हो" म्हणत राहिली आणि शेवटी म्हणाली, "दुसरं कुणी बघा. बोटांनी वाजवणारंच बघा, माऊसवालं नको."

दुसरं कुणी मिळालं. एक तरुण मुलगी होती, हात सफाईदार. ती स्वतःची वाद्यं घेऊन आली. ताई तिला शिकवायला दोनदा तालमीला गेली, मग जाईनाशी झाली. पहिल्या प्रयोगाला तिघं गेली. टिल्लू मध्ये बसला होता. म्हातारीची मान डुगडुगली, मुलीनं टिचकी वाजवली, आणि मुलं हसली. टिल्लूनं ताईकडे पाहिलं. ती सावध ऐकत होती, मान किंचित तिरकी करून.

"लवकर वाजवतेय," ती त्याच्या कानाशी म्हणाली. "जरा थांबायला हवं."

टिल्लूला त्यातलं काही कळत नव्हतं. तो म्हणाला, "हो."

बाहेर आल्यावर ताईला जिना उतरायला वेळ लागला. भाऊजींनी एक दंड धरला, टिल्लूनं दुसरा. मागून येणारी माणसं त्यांना वळसा घालून पुढे जात होती.