रुसलेल्या पाहुण्यांची खोली

मगदूम अण्णांच्या मंगल कार्यालयाला मंगळवारी सकाळी एक जादा खोली आली. वेबसाईटवर ती सोमवारीच आली होती, त्यामुळे मला फारसं आश्चर्य वाटलं नाही. काळजी मात्र वाटली, कारण वेबसाईट माझी होती.

म्हणजे माझी असायला हवी होती. मी आमच्या गावात वेबसाईटी बांधतो. दातांचे डॉक्टर, हळदीचे व्यापारी, एक ब्रास बँड, अशी आमची गिऱ्हाइकं. सगळं हातानं, ओळ ओळ लिहून. मला एकच खोड आहे. कुठलंही पान करण्याआधी मी त्या पानावरून परत यायची वाट करून ठेवतो, मग पान करतो. लोकांना वाटतं, वेबसाईट म्हणजे आत जायची गोष्ट. आत काय, कुणीही नेतो हो. परत आणून सोडायचं, ते काम.

माझी बायको शैला तपासनीस आहे. मी केलेलं प्रत्येक बटण ती दाबते, प्रत्येक पानात शिरते आणि जिथं अडकेल तिथून मला हाक मारते. ऑफिस म्हणजे आमच्या घराची पुढची खोली. तिचं टेबल खिडकीशी, माझं तिच्या मागं. त्यामुळे वर्षानुवर्षं मी तिची पाठ बघत काम करत आलोय. घट्ट अंबाडा, त्यात आडवी खोचलेली पिवळी पेन्सिल आणि रागावली की जरासा वर जाणारा डावा खांदा. चेहरा जेवताना दिसतो, पण तेव्हा माझं लक्ष ताटात असतं.

सोमवारी अण्णा एका मदतनिसाला स्कूटरवर मागं बसवून घेऊन आले.

"काय वो, तुमचं अजून दारं-खिडक्याच चाललंय?" अण्णा म्हणाले. "ह्यो बगा. कृत्रिम बुद्धीचा मदतनीस. सांगाल ते करतोय, न सांगितलेलं पण करतोय. आमच्या साडूच्या पोरानं ह्याच्याकडनं आख्खी लग्नपत्रिका लिहून घेतली. कवितेसकट!"

"पत्रिका चुकली तरी लग्न लागतं," शैला मागं न बघता म्हणाली. "वेबसाईट चुकली तर पाहुण्यांनी जायचं कुठं?"

"वैनी, तुम्ही एकदा समोरनं बगा तरी त्येला."

समोरून तो देखणाच होता. इस्त्रीचा शर्ट, नीट पाडलेला भांग, चेहऱ्यावर नुकतंच जेवून उठल्याचं समाधान. मी खुर्ची द्यायला त्याच्या मागं गेलो, तर तो समोरच होता. डावीकडून गेलो, समोर. उजवीकडून गेलो, समोर. त्याला पाठच नव्हती. मी खुर्ची जागेवर ठेवून दिली. टेकायला पाठ नाही, त्याला खुर्ची देऊन उपयोग काय?

"मी आपली कशी मदत करू शकतो?" मदतनीस म्हणाला.

"अण्णांच्या कार्यालयाची वेबसाईट करायची आहे."

"फारच सुंदर कल्पना!" तो म्हणाला, आणि वेबसाईट झाली. शैलानं अजून चहाचं आधणसुद्धा ठेवलं नव्हतं.

दिसायला झकास. हॉल, भोजनकक्ष, वधूपक्षाची खोली, वरपक्षाची खोली, जिकडं तिकडं हसणारे पाहुणे. आणि सगळ्यात शेवटी, पितळी मुठीच्या दारावर पाटी: 'रुसलेल्या पाहुण्यांसाठी खोली'.

अण्णांनी चष्मा वर केला. "ही आपल्याकडं न्हाई की."

"आपलं म्हणणं अगदी बरोबर आहे," मदतनीस म्हणाला. "गैरसोयीबद्दल दिलगीर आहे. आता ती आहे."

आणि मंगळवारी ती होती. अण्णांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज आनंदानं चिरकत होता. "या की बगायला! गवंडी न्हाई, वाळू न्हाई. नगरपालिकेला कळायच्या आत रंगसुद्धा वाळला. आणि खोली बगा कसली काढलीय पठ्ठ्यानं! एवढी वर्षं लग्नं लावतोय, हीच खोली कमी होती."

मी मदतनिसाला म्हणालो, "ती खोली काढून टाका."

"काढली आहे," तो म्हणाला.

जाऊन बघितलं तर खोली होतीच, आणि तिच्या शेजारी दुसरी आली होती: 'रुसलेल्यांना समजावणाऱ्यांसाठी खोली'. मी म्हणालो, अहो, काढा म्हटलं होतं. तो म्हणाला, आपण योग्य तेच निदर्शनास आणून दिलंत. तिसरी आली: 'समजावून थकलेल्यांसाठी खोली'. त्यानंतर मी गप्प बसलो, पण अण्णा बसले नाहीत. ते हौसेनं सांगत राहिले आणि तो करत राहिला. दुपारपर्यंत खोल्यांसमोरचा बोळ इतका लांबला, की त्याच्या टोकाला असलेलं हात धुवायचं बेसिन टिकलीएवढं दिसायला लागलं. प्लॉट मात्र तेवढाच होता. बाहेरून मोजला तर कार्यालय आधी होतं तिथंच संपत होतं.

बुधवारी लग्न होतं. नवऱ्या मुलाचे मामा फेटा सैल बांधला म्हणून रुसले आणि पाटी वाचून त्या खोलीत गेले. दार लागलं. कुणी शोधायला गेलं नाही, कारण ते रुसलेले होते आणि रुसलेल्यांच्या खोलीत होते. सगळं रीतसर होतं. वऱ्हाडाची गाडी त्यांच्यावाचून गेली. गुरुवारी सकाळी मामींनी अण्णांना फोन करून विचारलं, "अजून रुसलेतच का?"

अण्णांकडून हे ऐकून शैलानं कॉम्प्युटर बंद केला. "मी बघून येते."

"थांब, आधी मला कोड वाचू दे."

"तुम्ही वाचत बसा. मी आत जाऊन बघितल्याशिवाय काही पास करत नाही, माहितीये ना?"

मी तिच्याबरोबर गेलो. तिनं दाराबाहेर चपला काढल्या, मूठ फिरवली, "आलेच," म्हणाली आणि आत गेली. दार तिच्यामागं लागलं.

मी लगेच उघडलं. आत निळा सोफा होता, दोन पंखे होते, शैला नव्हती. दार लावून पुन्हा उघडलं. लाल सोफा, पंखा नाही. पुन्हा उघडलं. गुलाबी पडदे, कोपऱ्यात पितळी हंडा. मदतनिसाला एकच गोष्ट दोनदा विचारली तर तो कधी तेच उत्तर देत नसे, आणि त्याचं दारही देत नव्हतं. शैला गेली ती खोली एकदाच आली होती. ती आता पुन्हा येणार नव्हती.

तेवढ्यात दाराशेजारच्या भिंतीवर ठकठक झाली.

"अहो."

"शैला! कुठं आहेस?"

"आत. लिहून घ्या. दाराला आतून मूठ नाही, कडी नाही, काही नाही. सोफ्याला पाठ नाही, टेकायला गेले ती पडले. खिडकी उघडते, पण तिच्यामागं दुसरी खिडकी आहे. आणि पलीकडं कुणाचे तरी मामा आहेत. मघापासून फेट्याबद्दलच बोलताहेत."

"लागलं का तुला?"

"ते नंतर. आधी लिहून घ्या." मग पलीकडून सोफा ढकलल्याचा आवाज आला. "अहो, खोली लहान होतेय हो. मघाशी सोफ्याला वळसा घालता येत होता. आता नाही येत."

बोळाच्या टोकाला अण्णा मदतनिसाला सांगत होते, "पत्ते खेळणाऱ्यांसाठी एक काढा." प्लॉट तेवढाच होता. नवी खोली आली की जुन्या खोल्या सरकून जागा करत होत्या.

मी धावत गेलो. "अण्णा, त्याला काही सांगू नका! शैला आत अडकलीय."

"आं? मग त्येलाच सांगा की बाहेर आणायला."

दुसरं काही सुचत नव्हतं, म्हणून सांगितलं. "माझी बायको परत आणा."

"नक्कीच!" मदतनीस म्हणाला.

दार उघडलं आणि शैला बाहेर आली. तीच साडी, तेच कुंकू. चेहऱ्यावर हसू.

"आल्या की वैनी!" अण्णांनी टाळी वाजवली. "उगंच घाबरलासा."

मी तिच्याकडं बघत राहिलो. मग म्हणालो, "शैला, आत जाण्याआधी कोड वाचायला हवा होता. माझंच बरोबर होतं ना?"

"आपलं म्हणणं अगदी बरोबर आहे," ती म्हणाली.

आमच्या लग्नानंतर हे वाक्य तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होतो. मी तिच्या डावीकडून गेलो. समोर. उजवीकडून गेलो. समोर. अंबाडा कुठंच नव्हता.

"अण्णा, ही ती नव्हे."

"त्याच हायत की. समोरनं बगा."

"समोरनं आहे हो."

"मग आणि काय पायजे?" अण्णांना खरोखरच कळत नव्हतं. "माणूस समोरनंच बगतोय. मागं जाऊन कोण बगतंय?"

"शैला बघते," मी म्हणालो.

भिंतीतून आवाज आला, "कुणाशी बोलताय?"

"तुझ्याशी."

"काहीतरी बरळू नका. भिंत गुडघ्याला लागलीय."

मी तिथंच फरशीवर बसून लॅपटॉप उघडला आणि हातानं परतीची वाट लिहायला घेतली. अर्धी ओळ झाली. मदतनीस वाकला आणि उरलेली ओळ त्यानं पूर्ण केली. "आपल्याला हेच म्हणायचं होतं," तो म्हणाला. दूर बोळात एक दार उगवलं आणि भिंतीपलीकडं शैला कळवळली. मी ती ओळ खोडून दुसरी सुरू केली. त्यानं तीही पूर्ण केली. आणखी एक दार. मी लॅपटॉप मिटला.

शेजारी दुसरी शैला चहा घेऊन उभी होती. समोरून तो चहाच दिसत होता.

मी भिंतीला पाठ लावून विचार केला. मी इकडं जे लिहीन ते हा पूर्ण करणार. पण याला मागची बाजू नाही. म्हणजे भिंतीच्या मागं हा असूच शकत नाही.

"शैला," मी म्हणालो, "पेन्सिल आहे?"

"अंबाड्यात आहे."

"काढ. भिंतीवर लिही. मी सांगतो."

"मी? मी लिहीत नाही. मी तपासते."

"आज मी तपासतो."

पलीकडं भिंतीवर पेन्सिल टेकल्याचा आवाज आला. "सांगा. आणि हळू सांगा, अर्धे शब्द गिळता तुम्ही. दाराकडं पाठ करून उभी आहे मी, समोरच्या भिंतीवर लिहिते. वळायला जागा नाही."

"आधी लिही, ही खोली कुठून सुरू होते."

"दारापासून."

"दाराच्या अलीकडं काय आहे?"

"माझ्या चपला."

"तेच लिही. इथून चपलांकडं."

"चपला? असं कुठं लिहितात का?"

"लिही गं."

"लिहिते. पण हा मुद्दा मी घरी गेल्यावर काढणार आहे."

प्रत्येक ओळीवर ती अडली. हे कशाला, ते आधीच आलंय, हे दोनदा झालं. मला इतकं बरं वाटत होतं, की मुद्दाम एखादी ओळ वाकडी सांगावी. मदतनीस माझ्यासमोर उभा होता. पूर्ण करायला त्याला काही मिळत नव्हतं आणि तो हसत होता.

"पुढं लिही, दार आत उघडतं," मी म्हणालो.

"आत कसं उघडेल? आत दार तरी मावेल नाहीतर मी तरी."

"मग बाहेर उघडतं लिही."

"लिहिलं. बघा, तपासणी कुणी केली शेवटी?"

"तूच केलीस. आता पेन्सिलनं दारावर मूठ काढ. आतल्या बाजूला."

"मागं न बघता?"

"हात मागं कर आणि काढ."

पेन्सिल लाकडावर खरखरत राहिली. मग खरखर थांबली. अण्णांनीही श्वास रोखून धरला होता. पितळी मूठ हलली, सावकाश फिरली आणि दार बाहेरच्या बाजूला उघडलं.

आधी टाच आली. मग साडीचा काठ, मग चुन्यानं पांढरी झालेली पाठ. अंबाडा सुटत आला होता आणि पेन्सिल असायची तिथं छोटीशी पोकळी होती. तिनं पायानंच चाचपून चपला शोधल्या आणि घातल्या.

"चपला कुणी सरकवल्यात का? मी इथं नव्हत्या काढल्या," ती म्हणाली. डावा खांदा जरासा वर होता.

ती शैलाच होती. मी म्हणालो, "शैला, वळ ना इकडं."

"वळलेच आहे की," ती म्हणाली.

मी डावीकडून पुढं गेलो. पाठ. मग मी उजवीकडून निघालो.