एक मोठा की दोन लहान

घर दोन मजल्यांचं आणि बॉयलर एक. जिन्याखालच्या अंधाऱ्या खोलीत तो उभा असायचा. तिथूनच वरखालच्या नळांना गरम पाणी जायचं आणि खोल्याखोल्यांतले लोखंडी रेडिएटर तापायचे. दोघा भावांच्या वडिलांनी तो बसवला तेव्हा सगळ्यांचा स्वयंपाक एकत्र होता. पुढे वर थोरला, खाली धाकटा अशी वाटणी झाली, स्वयंपाकघरं दोन झाली, दारावरच्या घंटा दोन झाल्या. बॉयलर मात्र सामाईक राहिला. त्याचे दोन तुकडे करता येत नव्हते म्हणून.

थोरल्याला सगळे दादा म्हणत. शाळेत चित्रकला शिकवून ते निवृत्त झाले होते. धाकट्याला भाऊ म्हणत. तो बस चालवायचा. दादांच्या बायकोला घरात आणि गल्लीत सगळेच वहिनी म्हणायचे, आणि भाऊची बायको, केस पांढरे व्हायला लागले तरी, धाकटीच राहिली होती. ती चौकातल्या औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असायची. दोन्ही घरांतली मुलं शिकून लांब गेली होती.

भाऊभाऊ एकमेकांशी बोलत नसत. वडील अचानक आजारी पडले तेव्हा भाऊ लांबच्या फेरीवर होता. ऑपरेशन करायचं तर आत्ताच, असं डॉक्टर म्हणाले आणि दादांनी सही केली. वडील ऑपरेशनच्या टेबलावरून उठले नाहीत. भाऊ पोचला तो थेट अंत्यदर्शनाला, आणि चार लोकांसमोर म्हणाला, "तू मारलंस त्यांना."

दादांनी त्यावर काहीच उत्तर दिलं नाही. नंतरही कधी कशाला दिलं नाही. जिन्यात समोरासमोर आले तर एकजण भिंतीला पाठ लावून दुसऱ्याला वाट द्यायचा. पाण्याची टाकी साफ करायची असो की छपराची दुरुस्ती, निरोप बायकाच पोचवायच्या. "वरच्यांना सांग", "खालच्यांना विचार" असं चालायचं. दोघी जावा त्यावरून हसायच्या. वहिनी म्हणायच्या, "आपण नसतो तर या दोघांनी खुणांची भाषा काढली असती."

थंडी सुरू झाली आणि बॉयलर बंद पडला. फिटर आला, झाकण काढून, बॅटरीचा उजेड आत टाकून बराच वेळ वाकून बसला. मग उठून त्याने हात पुसले.

"आतलं भांडंच फुटलंय. आणि या कंपनीचे सुटे भाग आता कुठे मिळत नाहीत. नवीनच घ्यावा लागेल."

"मग नवीन बसवा," धाकटी म्हणाली.

"बसवतो. पण एक मोठा की दोन लहान, ते सांगा. एक मोठा घेतला तर नळ्या आहेत त्याच चालतील. दोन हवे असतील तर वरच्या नळ्या वेगळ्या कराव्या लागतील, भिंती फोडाव्या लागतील. काम लांबेल."

जिन्यावर वहिनी शाल गुंडाळून उभ्या होत्या. "एकच बसवा हो," त्या म्हणाल्या. "भिंती कशाला फोडायच्या?"

पण ते ठरवणं दोघींच्या हातात नव्हतं. भाऊ संध्याकाळी कामावरून आला, त्याने सगळं ऐकून घेतलं आणि बूट काढता काढता म्हणाला, "दोन. आयुष्यभर त्याच्या मर्जीवर आंघोळ करायची नाही मला."

"मर्जी कसली त्यात? नळ सोडला की पाणी येतं."

"दोन म्हटलं ना."

वर दादांनी हातातलं पुस्तक खाली न ठेवता सांगितलं, "एकच. बाबांनी एक बसवला होता. वेगळा हवा असेल तर त्याने वेगळं घर बघावं."

फिटरला हे कळलं तेव्हा तो गालात हसला. "घरोघरी हेच असतं, बाई. एका तोंडाने सांगाल तेव्हा फोन करा. पण फार उशीर करू नका. थंडीत माझ्याकडे रांग लागते."

चार-पाच दिवस गेले. खाली एक विजेचा हीटर होता, तो सोबतीला धरून भाऊ आणि धाकटी एका खोलीत राहायला लागले. वर तोही नव्हता. वरच्या खिडक्या उत्तरेला, छप्पर डोक्यावर. वारा सुटला की पडदे आपोआप हलायचे. धाकटीने आपला हीटर वर नेऊन दिला, तर दादांनी तो जिन्यातून परत खाली आणून तिच्या दाराशी ठेवला. रागाने नाही. वायर नीट गुंडाळून ठेवला.

शेवटी एका दुपारी वहिनींनीच धाकटीला गाठलं. "चल, आपण दुकानात जाऊन बघून येऊ. वस्तू पसंत करून आलो की तीच पुढे करू. बघू किती नाही म्हणतात."

दुकानात भिंतीला ओळीने पांढरी खोकी टांगलेली होती. एकासारखं दुसरं, कपड्यांच्या कपाटासारखं. गळ्यात टाय आणि नाकात सर्दी असलेला विक्रेता पुढे आला. "घरात माणसं किती?" त्याने विचारलं.

"चार," वहिनी म्हणाल्या. "पण दोन धरा. दोघं असून नसल्यासारखे आहेत."

विक्रेत्याला विनोद कळला नाही. त्याने गॅस किती लागतो, पाणी किती वेळात तापतं, आवाज किती होतो, सगळं सांगितलं. एका बॉयलरला काचेचा पडदा होता, त्यावर बोट फिरवून खोलीखोलीचं तापमान ठेवता यायचं. वहिनींनी त्यावर बोट फिरवून पाहिलं. पडद्यावरचा आकडा ढिम्म हलला नाही. "थंड बोटांना ओळखत नाही वाटतं," असं म्हणून त्या पुढे गेल्या. पुढे एक साधा होता. मोठं बटण, गोल फिरवायचं, वर जाड आकडे.

"हा. चष्मा नसला तरी दिसेल मला," त्या म्हणाल्या. तिथेच त्यांना खोकल्याची उबळ आली. विक्रेत्याने खुर्ची आणून दिली. धाकटी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. शालीतूनही पाठीच्या मणक्यांचा अंदाज येत होता.

"केव्हापासून खोकताय तुम्ही?"

"असंच गं. थंडीचं. तुझ्या दुकानातली बाटली दे एखादी."

परत येताना त्या बसमध्ये खिडकीशी बसल्या आणि बराच वेळ बोलल्या. जुन्या गोष्टी. लग्न होऊन आल्या तेव्हा भाऊ शाळेत जायचा आणि दादा त्याच्या चित्रकलेच्या वह्या रात्री बसून रंगवून द्यायचे, त्याला मार बसू नये म्हणून. "मास्तर स्वतःच, आणि चोरीही स्वतःच करायचे," त्या हसल्या. हसता हसता पुन्हा खोकल्या.

त्या संध्याकाळी धाकटीने भाऊसमोर विषय काढला. आम्ही बॉयलर बघून आलोय, एकच, साधा, चांगला. भाऊने ताट बाजूला सारलं.

"त्याला सांग, एकदा खाली ये आणि माझ्याशी बोल. मग बसव म्हणावं एक."

ती वर गेली. दादा खिडकीशी कोट घालून बसले होते. निरोप ऐकून ते म्हणाले, "तो जे बोलला ते त्याने आधी परत घ्यावं. मग मी येतो."

"वहिनींचा खोकला वाढलाय, दादा."

"ऐकू येतंय मला."

"मग?"

आतल्या खोलीतून वहिनी म्हणाल्या, "जाऊ दे गं, जा तू. जेवण थंड होईल तुझं."

धाकटी रोज सकाळी कामावर जायच्या आधी गॅसवर मोठं पातेलं तापवून वर नेऊन द्यायची. दुकानातून येताना खोकल्याचं औषध, छातीला चोळायचा मलम आणायची. औषधांच्या दुकानात उभं राहून तिला एवढं कळत होतं की हे आता बाटलीचं काम राहिलं नाही. ती डॉक्टरांचं नाव काढायची, वहिनी उद्यावर ढकलायच्या. एकदा ती जिन्याच्या मधोमध उभी राहिली, वरचंही दार उघडं, खालचंही उघडं, आणि मोठ्याने म्हणाली, "तुम्हा दोघांच्या हट्टापायी त्या बाईचे हाल होतायत." खालून भाऊने दार लोटून घेतलं, हळूच, आवाज होऊ न देता.

मग एका सकाळी ती पातेलं घेऊन वर गेली तर वहिनी तिला ओळखेनात. ओठ काळसर पडले होते आणि श्वास भात्यासारखा चालला होता. दादा हातमोजे शोधत घरभर फिरत होते. वहिनींना बाहेर न्यायचं तर त्यांच्या हातात मोजे हवेत, एवढंच त्यांच्या डोक्यात बसलं होतं. धाकटीनेच गाडी बोलावली.

दवाखान्यात दुपारी डॉक्टर बाहेर आल्या. दोन्ही फुप्फुसांना सूज होती. घशातून नळी घालून यंत्रावर ठेवावं लागेल, त्यात धोका आहे, न ठेवण्यातही आहे. त्यांनी कागद आणि पेन पुढे केलं.

दादांनी पेन हातात घेतलं. मग ते नुसतेच कागदाकडे पाहत राहिले. डॉक्टरांनी पुन्हा समजावून सांगितलं. दादांनी मान हलवली, सही कुठे करायची ते विचारलं, त्यांनी बोट ठेवून दाखवलं, तरी हात पुढे होईना. पेनाचं टोक कागदावर टेकत नव्हतं.

भाऊ आला तो अंगावर ड्रायव्हरचा गणवेश घेऊनच. धाकटीने त्याला निरोप धाडला होता, पण तो येईल याची तिला खात्री नव्हती. तो दारात थांबला. दादांनी वर पाहिलं.

"तू सांग," दादा म्हणाले. "मला नाही जमत. काय करू, तू सांग."

इतक्या वर्षांत ते त्याच्याशी पहिल्यांदा बोलत होते. भाऊ जवळ जाऊन बाकावर बसला. त्याने कागद वाचला, निदान वाचल्यासारखं केलं. त्याचा चेहरा एकदम म्हातारा झाला होता.

"कर सही," तो म्हणाला. "मी आहे. जे होईल ते दोघांचं."

दादांनी सही केली. अक्षरं एकमेकांवर चढली होती.

वहिनी त्यानंतर शुद्धीवर आल्या नाहीत. दोन दिवसांनी गेल्या. धाकटीने डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं, घर गरम असतं तर वाचल्या असत्या का. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहून घेतलं. "सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "वय होतं. लवकर आणलं असतं तर कदाचित. नाही सांगता येत."

लोक आले, गेले. मुलं आली, गेली. त्या सगळ्या गर्दीत दोन्ही भाऊ एका बाकावर बसून असायचे. एकजण उठला की दुसरा उठायचा. येणारे म्हणत, वाईटातून एक चांगलं झालं, भाऊभाऊ एक झाले. धाकटी ते ऐकून आत निघून जायची.

पुढच्या आठवड्यात ती कामावरून आली तर घर गरम होतं. जिन्याखालच्या खोलीत नवा बॉयलर बसला होता. एक, मोठा, काचेच्या पडद्याचा. दोघं भाऊ त्याच्यासमोर उभे होते आणि फिटर त्यांना कुठे बोट लावायचं ते दाखवत होता.

"सकाळी आम्ही दोघं जाऊन घेऊन आलो," भाऊ म्हणाला. त्याच्या आवाजात बऱ्याच दिवसांनी थोडी हुशारी होती. "दादानेच निवडला. बघ, वरची खोली वेगळी, खालची वेगळी. ज्याला हवं तेवढं तापवा."

"बरं झालं," धाकटी म्हणाली आणि पिशवी ठेवायला आत गेली.

त्या थंडीत दादा रोज संध्याकाळी खाली चहाला यायचे. दोघं टेबलाशी बसायचे आणि बोलायचे. बाबांबद्दल, शाळेबद्दल, बसच्या मार्गांबद्दल, गॅस किती जळतो त्याबद्दल. इतकी वर्षं साठलेलं होतं, संपत नव्हतं. धाकटी चहा ओतायची आणि ओट्याकडे तोंड करून भांडी घासत बसायची, घासून झालेलीसुद्धा. दिवसभरातलं काहीबाही सांगायला तिला जिना चढायची सवय होती. वर आता सांगायला कोणी नव्हतं.

"तू हल्ली गप्प असतेस," एकदा भाऊ म्हणाला. दादाही समोर होते.

"काय बोलू?"

"काहीही. पूर्वी बोलायचीस ना."

धाकटीने नळ बंद केला. "तुम्हा दोघांना आज सुचतंय ते वहिनी होत्या तेव्हा सुचलं असतं, तर मी बोलले असते."

एवढंच ती बोलली, तेही आवाज न चढवता. भाऊ कपाच्या कानाशी चाळा करत राहिला. दादा उठले, आपला कप स्वतः विसळून पालथा घातला आणि वर गेले. त्यानंतर ते चहाला आले नाहीत. थंडी सरता सरता त्यांची लेक येऊन त्यांना आपल्याकडे घेऊन गेली. वरचं घर बंद झालं. फिटरने येऊन वरच्या नळ्यांची चावी फिरवली आणि जाता जाता म्हणाला, आता हा तुम्हाला जरा मोठाच पडतो.

भाऊ रोज संध्याकाळी दादांना फोन करतो. बराच वेळ बोलतात दोघं. अधूनमधून दादा तिकडून विचारतात, धाकटी कशी आहे, दे तिला. भाऊ फोन तिच्यापुढे धरतो.

"माझे हात ओले आहेत," ती म्हणते. "बरी आहे म्हणून सांगा."