पांढऱ्या भुकटीचं पाणी

मी एक डुकरीण बोलतेय. ऐकताना तुम्हाला किळस येईल. येऊ द्या, मलाही येते.

माझा जन्म याच पत्र्याच्या शेडमधला. लोक आम्हाला घाणेरडे म्हणतात. खरं सांगू? जागा मिळाली तर आम्ही निजतो तिथे कधी हगत नाही. पण शेडचा मालक, ज्याला सगळे दादा म्हणतात, त्यानं एकेका कप्प्यात इतकी जनावरं कोंबली की खाणं, निजणं, हगणं सगळं एकाच ओल्या फरशीवर. वर तो तिथेच पचकन थुंकायचा. शी!

माझी पिल्लं धड चावायलाही शिकली नव्हती, तेव्हाच त्यानं त्यांना माझ्यापासून तोडलं. दूध सुटलं, कोरडं खाद्य पुढ्यात आलं आणि पोटं बिघडली. पिवळी, आंबूस हगवण. शेजारच्या कप्प्यातून त्यांचं केकाटणं मला ऐकू यायचं. दादानं फरशी धुतली नाही. पाण्याच्या टाकीत औषधाची पांढरी भुकटी ओतली आणि त्याच बरबटलेल्या हातानं ढवळली. आजारी असो नाहीतर धडधाकट, सगळ्यांना तेच कडू पाणी. पूर्वी त्यानं हगवण थांबायची म्हणे. या खेपेला थांबली नाही. माझी पिल्लं एकेक करून गार पडली. त्यानं ती मागच्या पायाला धरून खड्ड्यात भिरकावली.

मग त्याची धाकटी बहीण, जिला सगळे ताई म्हणतात, जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना घेऊन आली. त्यांनी हगवण तपासून घेतली होती.

"या जंतूंना तुमचं औषध आता सरबतासारखं गोड लागतंय," त्या म्हणाल्या.

"मग याहून जालीम द्या ना!"

"आणि उद्या हेच जंतू तुमच्या जखमेत शिरले, तर तुमच्या डॉक्टरनं काय द्यायचं?"

दादानं बोटाला गुंडाळलेली चिंधी पाठीमागे लपवली.

पुढच्या वेताला ताई स्वतः माझ्यापाशी बसली. सगळ्यात किडमिडीत पिल्लू मागे ढकललं जात होतं. तिनं ते उचलून माझ्या आचळाला लावलं. "चीक पी रे बाळा. हेच तुझं पहिलं औषध." कप्प्यात कोरडा भुसा आला, गर्दी कमी झाली. पिल्लं माझ्याजवळ जास्त दिवस राहिली, माझ्या कुशीला लागूनच मऊ खाद्य चाखायला शिकली. तोडल्यावर काहींची पोटं ढिली झालीच. जे खरंच आजारी पडलं, त्यालाच सुई टोचली. तेवढं एक दगावलं. बाकीची जगली, गुबगुबीत झाली.

आता मी थकलेय. आमच्या कप्प्यांची रांग ताई बघते, पण पलीकडची अजून दादाकडेच आहे. वारा तिकडून आला की मी भिंतीकडे तोंड फिरवते. आज सकाळी तो पुन्हा भुकटीचा पुडा घेऊन टाकीकडे निघाला. ताई आडवी आली.

"दादा, आधी झाडू घे."

"मी? घाण उपसू?"

"पिल्लं त्यातच झोपतात."

पुटपुटत, शिव्या देत तो झाडतोय. मधोमधच झाडतोय, कामचुकार! माझं एवढंच मागणं आहे: कुणीतरी त्याला कोपरेही दाखवा. पिल्लं तिथेच दाटीवाटीनं पडलेली असतात.