चिकटवलेले भाव

बाबांच्या खोलीतली कॉम्प्युटरची जुनी मासिकं रद्दीत गेली, तेव्हा त्यांच्या थोरल्या लेकीला हुश्श झालं. केवढी ती धूळ, आणि त्यात बाबांचा खोकला! बरं, तिने उगाच नव्हती काढली. कचेरीत जुने कागद स्कॅन करणं हेच तिचं काम. घरीही पानन् पान टॅबलेटमध्ये भरून मगच गठ्ठे रद्दीवाल्याच्या हवाली केले. हुशारच हो पोरगी!

बाबांचं एकेकाळी कॉम्प्युटरचं दुकान होतं. भाव दर महिन्याला कोसळायचे, म्हणून मासिकातल्या जाहिरातीत छापील किमतीवर ते नव्या किमतीची चिठ्ठी चिकटवायचे, तिच्यावर पुढची. आता त्यांना सकाळचं जेवण आठवत नसे. पण दुपारी मासिक मांडीवर घेऊन नखाने चिठ्ठी उचलली, की खालच्या जुन्या भावाबरोबर गिऱ्हाईक आठवे. "चाळीस एमबीची हार्ड डिस्क! स्कूटर आली असती एवढ्यात. दातांच्या डॉक्टरांनी घेतली, बायकोला न सांगता." आणि पोट धरून हसत.

थोरलीने टॅबलेटवर रंगीत मॉनिटरचं पान लावून दिलं. बाबांनी चिठ्ठीच्या कडेला नख लावलं. काच खरवडली. पुन्हा खरवडली.

"निघत नाहीये गं."

तिच्या आत्ता लक्षात आलं. चिठ्ठ्यांखालचं तिने घेतलंच नव्हतं. कचेरीत ती हाताखालच्या पोरींना रोज बजावायची, वर काही चिकटवलं असेल तर खालचंही घ्या म्हणून. परक्यांच्या कागदांसाठी घेतलेले कष्ट बापाच्या कागदांसाठी घ्यायचा तिला कंटाळा आला होता. तिला स्वतःचीच लाज वाटली. आत जाऊन रद्दीवाल्याला फोन केला, तर माल केव्हाच कारखान्यात लगद्याला गेला होता.

खरं सांगायला जीभ रेटेना. "गोंद सुकलाय, बाबा."

"मग पाणी आण की. मीच चिकटवलंय, पाण्याने सुटतं."

तिने वाटीत पाणी आणलं. बाबांनी बोट बुडवून काचेवर हलकेच फिरवलं. ओल्या बोटाखाली पान सरकलं आणि पुढचं आलं, प्रिंटरच्या जाहिरातीचं.

बाबांनी टॅबलेट डोळ्यांजवळ नेला.

"हे नव्हतं खाली. इथे कुणीतरी होतं. कोण होतं गं?"

रंगीत मॉनिटर घेणाऱ्या गिऱ्हाइकाचा तो किस्सा तिने शंभरदा ऐकला होता, हातातलं काम न थांबवता. आता काही केल्या तिला आठवेना.