हाराखालची सोलर प्लेट

मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मी आयुष्यात आभाळाशिवाय फारसं काही पाहिलेलं नाही. मी सोलर प्लेट आहे आणि आता जुनी झाले आहे. आमच्या कुळात जन्मभर तोंड वर करून पडून राहावं लागतं. खाली काय चाललंय ते आम्हाला ऐकूनच समजतं. तेव्हा माझ्या गोष्टीत माणसं दिसतील कमी आणि बोलतील जास्त. तशी ती बाहेरही असंच करतात.

मी मुळात वाळू. ती वितळवली, गाळली आणि पापडाहून पातळ चकत्या कापून काचेखाली बसवल्या. अशा छत्तीस निळ्या खान्यांची मी झाले. कारखान्यातल्या बाईंनी मला झगझगीत दिव्याखाली धरलं, आकडा पाहिला आणि पाठीवर चिठ्ठी चिकटवली, ‘पास’. जन्मल्या दिवशीच परीक्षा पास झालेलं तुमच्यापैकी कुणी आहे का? नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. पुढे त्याचा फारसा उपयोग होत नाही.

शिराळ्याजवळच्या एका गावाच्या चौकात मला खांबावर चढवलं. नारळ फुटला. ‘हा दिवा गाव उजळून टाकील’ असं भाषण झालं आणि दिव्यानं ते मनावर घेतलं. दोन वर्षं मी दिवसभर ऊन गोळा करायची आणि दिवा ते रात्रभर खर्च करायचा. म्हातारी माणसं माझ्याखाली गप्पा मारत बसायची. मग कुणाचा तरी वाढदिवस आला. वाढदिवस एका दिवसाचा असतो आणि त्याचा फ्लेक्स तीन महिन्यांचा. तो माझ्याहून उंच बांधला. त्या हसऱ्या माणसाची सावली रोज दहा ते तीन माझ्यावर पडायची. दिवा मिणमिणू लागला. लोक म्हणाले, “सोलरचं काय खरं न्हाई.” फ्लेक्सबद्दल कुणी काही बोललं नाही. पुढे खांबाची बॅटरीच कुणीतरी उचलून नेली आणि मला उतरवून एका अडगळीच्या खोलीत टाकलं. तिथं सहा वर्षं मी आभाळाऐवजी पत्रा बघत होते.

तिथून मला बाहेर काढलं हंबीररावांनी. हंबीरराव फौजेतले निवृत्त हवालदार. फौजेत ते गाड्या दुरुस्त करायचे. त्यांनी मला उन्हात ठेवलं, पाठीमागच्या दोन तारांना मीटर लावला आणि म्हणाले, “जिवंत हाय गड्या!” सहा वर्षांनी कुणी माझ्या प्रकृतीची चौकशी केली होती.

त्यांना मी कशाला हवी होते, ते सांगते. त्यांच्याकडे चारी चाकांनी ओढणारी एक जुनी जीप होती. दगडधोंड्यांतून, ओढ्यातून, रस्ता नसलेल्या चढावरून ती जायची. जनावरांच्या डॉक्टर संयोगिताबाई तिच्यातून पठारावरच्या धनगरवाड्यांवर लस घेऊन जायच्या. विजेचे खांब त्या पठाराच्या पायथ्यापर्यंत आले होते आणि दम खायला थांबले होते. लस तर सतत थंड पाहिजे. थंड राहिली तर औषध, तापली तर नुसतं पाणी. आदल्या वर्षी हंबीररावांनी छोटा फ्रीज सरळ जीपच्या बॅटरीला जोडला होता. रात्रभर फ्रीज चालला आणि सकाळी जीप चालेना. धनगरांनी ढकलत ढकलत ती उतारापर्यंत नेली. आजूबाजूच्या चाळीस शेळ्या ते बघत उभ्या होत्या. हंबीररावांना त्याचं फार लागलं होतं. माणसांनी बघितलेलं त्यांना चाललं असतं.

म्हणून या वर्षी त्यांनी दुसरी बॅटरी आणली.

“एकच मोठी बॅटरी घेतली असती तर?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

“डॉक्टरीन बाई, हे भावाभावांचं हाय,” हंबीरराव म्हणाले. “एकत्र ऱ्हायलं की एक कमावतो आणि दुसरा खातो. ही थोरली, जीप सुरू करायला. ही धाकटी, फ्रीजला. मधी हा रिले बसवलाय. इंजान चालू असलं की दोघी एका पंगतीला. इंजान बंद, की चूल वायली.”

“आणि ही वरची प्लेट?”

“ती धाकटीच्या माहेरची. उभ्या गाडीत तीच जेवण पाठवणार.”

मला आवडलं ते. टपावर त्यांनी लोखंडी पट्ट्यांची चौकट केली आणि मला बसवताना माझ्या पोटाखाली चार बोटं जागा मोकळी ठेवली, वारा खेळावा म्हणून. कारण आम्हाला ऊन पाहिजे, पण तापलेलं अंग सोसत नाही. तापलं की कामात मंदावतो. तुमच्या मास्तरांचंही एप्रिलात तसंच होत असेल. मग त्यांनी कंट्रोलर नावाचा एक डबा लावला. बॅटरीला किती वाढायचं आणि ताटावर आडवा हात कधी धरायचा, हे तो ठरवतो. त्याला आधी बॅटरी जोडायची आणि मग मला. सोडवताना आधी मला सोडवायचं. बॅटरीजवळ फ्यूजही बसवला. हंबीरराव म्हणाले, “तारेला आग लागण्यापरीस ह्यो जळू दे.” फ्यूजला हे ऐकून काय वाटलं, कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. त्या दिवशी आमच्या भागात घरातल्या सगळ्या हत्यारांची, अवजारांची, गाड्यांची पूजा होते. हंबीररावांच्या मालकीण मनुबाई शिडी लावून वर आल्या आणि मी पहिल्यांदा कुणाचा चेहरा जवळून पाहिला. कपाळावर मोठं कुंकू, नाकात नथ, डोळ्यांत काळजी. त्यांनी माझ्यावर कुंकवाची पाच बोटं ओढली, हळद वाहिली आणि झेंडूचा मनगटाएवढा जाड हार एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवा घालून सुतळीनं घट्ट बांधला. “गाडी लय आदळती,” त्या म्हणाल्या, “पडाय नगं.” खाली उतरून त्यांनी नवऱ्याला बजावलं, “आवं, हार काडायचा न्हाई बरं का. वाळून आपसूक गळंल तवा गळू दे. मदीच काडला तर अपशकुन हुतो.”

“ओके,” हंबीरराव म्हणाले. फौजेत त्यांनी कुणाला एवढ्या तत्परतेनं ओके म्हटलं नसेल.

मित्रांनो, माझे छत्तीस खाने म्हणजे स्लॅब टाकताना घमेली देणारी माणसांची रांग. छत्तीस जण असले, तरी मधला एकजण तंबाखू मळायला बसला की सगळ्यांची घमेली तिथंच अडतात. हार पडला होता माझ्या सहाच खान्यांवर. पण त्या सहांनी तंबाखू काढली आणि उरलेले तीस जण हातात घमेली घेऊन उभे राहिले. मला हे कळत होतं. सांगता येत नव्हतं.

दसऱ्यानंतर आम्ही पठारावर गेलो. तीन वाड्यांच्या सहाशेच्या वर शेळ्या तिथं जमायच्या होत्या. खालच्या एका वाडीत शेळ्यांच्या साथीनं आठवड्यात अकरा करडं गेली होती. ती साथ वर चढायच्या आत वरच्या शेळ्यांना लस पोचायला हवी होती. फ्रीजमधली लस वाया गेली असती, तर पुढची यायला तीन आठवडे लागले असते. साथ काही तीन आठवडे वाट बघत बसत नाही.

पहिला दिवस बरा गेला. धाकटी बॅटरी घरूनच पोटभर खाऊन आली होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हंबीरराव मीटर बघून म्हणाले, “उतरलीया.” तिसऱ्या दिवशी सकाळी फ्रीजमधल्या तापमानाचा आकडा चारावरून सहावर आला.

“हवालदारकाका, आठाच्या वर गेला की मला लस ओतून द्यावी लागेल,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “अजून सव्वादोनशे शेळ्या राहिल्यात. लांबची वाडी दुपारनंतर पोचणार आहे.”

हंबीररावांनी तासभर इंजिन चालू ठेवलं. उभ्या गाडीचं इंजिन किती देणार? आणि डिझेल होतं खाली उतरण्यापुरतंच. खाली जाऊन बर्फ आणायचा तर जाऊन येऊन दिवस मोडणार आणि जमलेली शेळ्यांची खांडं पांगणार. मग त्यांनी फौजी पद्धतीनं तपासणी सुरू केली. फ्यूज काढून पाहिला, घातला. तारांची टोकं घासली. रिलेला स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं टकटक केलं. कंट्रोलरच्या आईचा उल्लेख केला, पण डॉक्टरबाई जवळ असल्यामुळे अर्ध्यावर सोडला. त्यांनी खालचं सगळं तपासलं. वर बघितलं नाही. वर कशाला बघायचं? वर तर पूजा झालेली होती!

“प्लेट जुनीच पडली,” शेवटी ते खोल आवाजात म्हणाले. “माजंच चुकलं. अडगळीतली उचलून आणली.”

मित्रांनो, फ्लेक्सनंतर मला एवढं वाईट कधी वाटलं नव्हतं. डोक्यावर लख्ख ऊन, अंगात ताकद, आणि तोंडावर झेंडू.

जीप एका मोठ्या खडकाला लागून उभी होती. त्या खडकावर चंद्राबाई बसल्या होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, हातात काठी, नजर शेळ्यांवर. त्यांच्या चाळीस शेळ्या दुपारच्या खेपेत होत्या आणि खालच्या वाडीत मेलेल्या करडांत पाच त्यांच्या लेकीची होती. उंचावर बसल्यामुळे टप दिसणाऱ्या त्या एकट्याच. बराच वेळ त्या हंबीररावांची धडपड ऐकत होत्या.

“आवं हवालदार,” त्या म्हणाल्या, “ही वरली काच काय खाती?”

“ऊन खाती, आजी.”

“आन् तिच्या तोंडाला मुसकं कुणी बांदलंय?”

“मुसकं?”

“करडानं आईला लुचू नये म्हून आमी त्याच्या तोंडाला जाळी बांदतो. तसं बांदलंय की तुमी. मुसकं बांदायचं आन् वरनं म्हनायचं, पीत न्हाई, जुनं हाय!”

मग खडकावर बूट घासल्याचा आवाज आला आणि हंबीररावांचा चेहरा माझ्यावर आला. घामेजलेला, मिशीला ग्रीस लागलेलं. त्यांनी हार बघितला, सूर्य बघितला, पुन्हा हार बघितला. त्यांना सगळं समजलं. पण हात पुढे येईना.

“काढा की काका,” डॉक्टरबाई खालून म्हणाल्या. “आकडा सात झालाय.”

“काढतो. पर घरात काय सांगू? मालकिनीनं शपत घातल्यागत सांगितलंय. अपशकुन हुतो म्हनं.”

“दोनशे जितराब मरंल त्यो शकुन हाय व्हय?” चंद्राबाई म्हणाल्या. “सोडा ती सुतळी. पाप लागलं तर माज्या नावावर लावा. लय न्हाईत माज्या नावावर, जागा हाय.”

हंबीररावांनी हार सोडला आणि कपाळाला लावला. चंद्राबाईंनी काठी टेकत वाकून पदरानं माझ्यावरचं कुंकू, हळद आणि तीन दिवसांची धूळ पुसली. पदर जाडाभरडा होता, हात त्याहून. पण इतकं बरं मला कारखान्यातून निघाल्यापासून वाटलं नव्हतं. छत्तीसच्या छत्तीस जण कामाला लागले आणि घमेली भराभर पुढे गेली.

“अर्ध्या अँपियरवरनं चार!” हंबीरराव खाली उडी मारून ओरडले. या वयात मारू नये अशी ती उडी होती. “डॉक्टरीन बाई, चार!”

आकडा थोडा वेळ सातावरच रेंगाळला. मग सहा झाला. लांबची वाडी येईपर्यंत पाच. दिवस मावळायच्या आत शेवटच्या शेळीला लस टोचून झाली. ती शेळी चंद्राबाईंची होती आणि आभार मानायच्या ऐवजी तिनं डॉक्टरबाईंना ढुशी मारली.

निघताना हंबीरराव हार हातात धरून घुटमळत होते. चंद्राबाईंनी तो घेतला आणि त्याच शेळीपुढे धरला. तिनं झेंडू दोऱ्यासकट खायचा बेत केला होता. दोरा चंद्राबाईंनी ओढून काढला. “घरात सांगा, शेळीनं खाल्ला,” त्या म्हणाल्या. “खोटं न्हाई त्यात.”

घरी पोचल्यावर मनुबाईंचा पहिला प्रश्न तोच. “आवं, हार कुठाय?”

“शेळीनं खाल्ला.”

“टपावर चडून?”

हंबीररावांनी फौजेत काय काय सोसलं असेल ते असेल. या प्रश्नापुढे ते टिकले नाहीत. त्यांनी सगळं सांगून टाकलं, अगदी मुसक्यापर्यंत. त्या रात्री घरात भांडी जरा मोठ्यानं वाजत होती.

सकाळी शिडी लागली. मनुबाई वर आल्या. हातात ताट नव्हतं, ओलं फडकं होतं. त्यांनी कडेकडेनं अडकलेला एकेक पिवळा तुकडा नखानं काढला आणि मला काच दिसेनाशी होईपर्यंत पुसलं. मग हळूच, खाली कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाल्या, “मला ठावं नव्हतं गं.”

तेव्हापासून खंडेनवमीचा हार जीपच्या बोनेटला मिळतो. जीप तेवढ्यानं फुगते. माझ्या वाट्याला दर पंधरवड्याला ओलं फडकं येतं आणि पठारावर दर वर्षी थंड लस जाते.

मित्रांनो, तुमच्या घरावर, विहिरीवर, नाहीतर कुणाच्या गाडीवर आमच्यापैकी कुणी पडलेली असेल. घरच्या मोठ्या माणसाला घेऊन, सकाळी ऊन तापायच्या आत तिला एकदा बघून या. धूळ असेल तर पुसा. शेजारच्या झाडाची फांदी वाढली असेल तर सांगा. कुरडया आणि मिरच्या वाळत घालायला दुसरी जागा शोधा. आणि कुणी दमलं, मंदावलं, जुनं झालं असं वाटलं, तर त्याला अडगळीत टाकण्याआधी खडकावर चढून एकदा वरून बघा. बहुतेक वेळा त्याच्या तोंडावर तुम्हीच प्रेमानं काहीतरी बांधलेलं असतं.