साडेतीनपर्यंतचं शहर

आमच्या स्वयंपाकघरात सूर्य थेट येत नाही. समोरच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्याला काचा आहेत, त्यांवर तो आधी पडतो आणि तिथून, जरासा फिकट होऊन, आमच्याकडे येतो. पावणेसातला तो ओट्याच्या कडेवर असतो. मग सावकाश सरकत टेबलावरच्या मेणकापडावर उतरतो, साखरेच्या डब्याला वळसा घालतो, मेणकापडावर सुरीने पडलेल्या जुन्या चिरेत क्षणभर रेंगाळतो आणि शेवटी बाबांच्या हातांवर येऊन बसतो. त्या सकाळीही तो तसाच आला. बाबांचे हात टेबलावर पालथे होते. उजेड नखांपर्यंत पोचला तेव्हा त्यांनी बोटं किंचित हलवली, ऊब लागल्यावर हलवावीत तशी. मी ते पाहिलं. त्या दिवसांत मी सगळ्यांवरच नजर ठेवून होतो, आणि सरळ मात्र कोणाकडेच पाहत नव्हतो.

"बोट लागली का रे?" बाबांनी विचारलं.

"साडेसातला लागेल. अकराशे माणसं आहेत."

"वाच कागद."

बोटीच्या दिवशी आमची कंपनी प्रवाशांना एक कागद देते. 'सहा तासांत शहर' असा त्याचा मथळा. बाबा सव्वीस वर्षं या कंपनीत गाइड होते आणि मी धक्क्यावरच्या कचेरीत. किती माणसं शहरात गेली आणि किती परत आली हे मोजायचं, एवढंच माझं काम. मी वाचलं: घड्याळाचा मनोरा, दोरवाल्यांची गल्ली, मासळीबाजार, दीपगृह, साडेतीनला धक्का. चार वाजता शिडी उचलतात. बोट कोणासाठी थांबत नाही.

"चष्म्याचा नंबर बदलायचा राहूनच जातोय," बाबा म्हणाले. हे ते बरेच महिने म्हणत होते.

"आज दीपगृह दाखवणार ना?"

"वेळ उरला तर."

"कागदावर छापलंय, बाबा."

"कागदाला पाय असतात होय? चालायचं माणसांना असतं."

आई चहा ओतत होती. ती न वळता म्हणाली, "काकांना उगाच बोल लावू नकोस हं."

मी काकांचं नावही काढलं नव्हतं. काका म्हणजे सात नंबरच्या बसचे ड्रायव्हर, नात्याचे नव्हेत, पण एकोणीस वर्षं बाबांच्या सोबतीला. आईने ज्याचा विषयच निघाला नव्हता त्याची बाजू घेतली, आणि माझ्या मनातली पाल जरा मोठ्याने चुकचुकली.

कचेरी सांभाळणाऱ्या मॅडमनी माझ्यासमोर चार चिठ्ठ्या ठेवल्या. प्रवाशांच्या पेटीतल्या, चारही सात नंबरच्या. दोघांची तक्रार होती की दीपगृह दाखवलं नाही, त्याऐवजी शिंपल्यांच्या दुकानात सव्वा तास बसवून ठेवलं. तिसऱ्याने लिहिलं होतं, गाइडने हिरव्या गच्चीचं फार सुंदर वर्णन केलं, पण गच्ची दिसली नाही. चौथी चिठ्ठी अशी: बसमध्ये चढताना गाइड प्रत्येकाचा खांदा थोपटतो आणि आपापला आकडा म्हणायला लावतो, फार मजा आली.

"ही तक्रारीत कशी?" मी विचारलं.

"पेटी एकच आहे ना," मॅडम म्हणाल्या. "हे बघ, पाणी कुठंतरी मुरतंय. तो दुकानवाला ड्रायव्हरचा साडू आहे म्हणे. तुझे वडील भोळे, त्यांना तो फिरवतोय नुसता. आज मागे राहून बघ, संध्याकाळी अहवाल दे. ज्याचं नाव लिहिशील तो उद्यापासून बसवर नसेल. दीपगृह दाखवायचं कबूल केलंय आपण, बोटवाले दुसरी कंपनी बघतील."

मला हायसं वाटलं. संशयाला एकदा मालक मिळाला की माणूस किती निवांत होतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं.

मी स्कूटरवरून सात नंबरच्या मागे निघालो. बस मनोऱ्यापाशी थांबली आणि पहिली खूण तिथेच सापडली: काका बस कुलूपबंद करून माणसांबरोबर चालू लागले. ड्रायव्हरने बस सोडायची नसते. ते बाबांच्या दोन पावलं पुढे चालत होते आणि मधूनमधून खोकत होते. वळणाआधी एकदा, पायरी आली की दोनदा. दुकानदारांना इशारे, असं मी वहीत टिपलं.

दोरवाल्यांच्या गल्लीत बाबा थांबले. त्यांनी हात उंचावला. बावीस माणसांनी माना वर केल्या.

"ती हिरवी गच्ची," बाबा म्हणाले. "तिथं एक म्हातारा दोराला पीळ देत बसायचा. गल्ली अपुरी पडली म्हणून दोर कठड्यावरून खाली सोडायचा, आणि खाली त्याची बायको दुसरं टोक धरून उभी. दोघांचं भांडण झालं की दोर सैल यायचा. गिऱ्हाइकं दोर ओढून बघायची आणि म्हणायची, आज नको, उद्या येतो."

माणसं हसली. वर गच्ची नव्हती. ती गेल्या वर्षी पाडली. आता तिथे ताडपत्री लोंबते. कॅमेरे वर गेले होते ते खाली आले. पुढे उभ्या असलेल्या एका पांढऱ्या केसांच्या बाईंनी ताडपत्रीकडे पाहिलं, मग बाबांकडे, मग काकांकडे. काका आपल्या बुटांकडे पाहू लागले. 'ड्रायव्हरने गल्लीत उलट्या बाजूने आणलं, म्हणून बाबांचा गोंधळ झाला,' असं मी लिहिलं. लिहिताना अक्षर बिघडलं, ते पुन्हा गिरवलं.

मासळीबाजार उरकला. बस दीपगृहाच्या फाट्यावरून सरळ पुढे गेली आणि शिंपल्यांच्या दुकानापाशी थांबली. मी स्कूटर भिंतीशी लावली आणि खिडकीतून आत पाहिलं. बाबा एका स्टुलावर बसून वादळाची गोष्ट सांगत होते आणि बावीसजण जमिनीवर बसून ऐकत होते. गल्ल्यावरचा माणूसही हनुवटीला हात लावून ऐकत होता. विकत कोणी काहीच घेत नव्हतं.

"काय, हेरगिरी चाललीय?" काका मागे उभे होते.

"हा तुमचा साडू ना?"

"साडू आहे म्हणून तर फुकट बसू देतो. कोणी एक शिंपला घेतला असेल तर दाखव मला. माझ्या नावानं खडे फोडतो बिचारा."

"मग दीपगृह का टाळता?"

"पायऱ्या किती रे तिथं?"

"एकशे बेचाळीस."

"चढताना कठडा आहे. उतरताना मधल्या वळणावर तुटलाय. गेल्या महिन्यात तिथं तुझ्या बापाचा पाय हवेत होता. मागच्या बाईनं कॉलर धरली म्हणून. नाहीतर त्याच्यामागं सगळी रांग."

"चक्कर आली असेल," मी म्हणालो.

काकांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "बरं," ते म्हणाले. "चक्कर."

"मला अहवाल द्यायचाय, काका."

"दे की. माझं नाव लिही. मला काय, ही बस गेली तर दुसरी मिळेल, स्टेअरिंग सगळीकडं गोलच असतं. मोसमाच्या चार बोटी उरल्यात. तेवढ्या होऊ देत त्याच्या. मग गुडघे दुखतात म्हणून तोच घरी बसेल."

"बाबांना ठाऊक आहे, तुम्ही हे सगळं..."

"तो मला सांगत नाही, मी त्याला विचारत नाही. मी खोकतो. त्याला वाटतं मला खोकला झालाय. परवा औषधाची बाटली दिली त्यानं मला. घेतो दोन चमचे."

इतक्यात दुकानाचं दार उघडलं. त्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी बाबांच्या कोपरात हात घातला होता. पाहणाऱ्याला वाटावं, बाईच बाबांच्या आधाराने चालल्यात. दोघं माझ्यासमोरून गेली, हातभर अंतरावरून. बाबांचा चेहरा माझ्याकडे वळला आणि तसाच राहिला.

"कोण आहे?" बाबांनी विचारलं.

"कोणी नाही," काका म्हणाले. "वाट विचारत होता."

"मग सांगितलीस ना नीट?" आणि ते माझ्याकडे पाहुण्याशी बोलायच्या त्यांच्या मऊ, अदबशीर आवाजात म्हणाले, "असे डावीकडे वळा आणि सरळ खाली उतरा. धक्का लागेल. चुकणार नाही तुम्ही. फक्त साडेतीनच्या आत पोचा."

उत्तर दिलं असतं तर त्यांनी आवाज ओळखला असता. मी डावीकडे वळलो. स्कूटर तिथेच राहिली. ती आणायला मला नंतर पुन्हा यावं लागलं.

तीन वीसला सात नंबर आली. मी मोजलं, बावीस. बाबांनी प्रत्येकाचा खांदा थोपटला, प्रत्येकाने आपला आकडा म्हटला, आणि शेवटचा आकडा ऐकून बाबांनी मान हलवली. चारला शिडी उचलली गेली.

मॅडमनी अहवालाचा फॉर्म पुढे सरकवला. वहीत काकांविरुद्ध तीन टिपणं होती आणि तिन्ही घडलेल्याच गोष्टींची होती, कारणं तेवढी माझी. त्यांचं नाव लिहिलं असतं तर आईने बोल लावला असता, पण काकांना राग आला नसता आणि बाबांना आणखी चार बोटी मिळाल्या असत्या. पुढच्या बोटीला नवा ड्रायव्हर आला असता. न खोकणारा. त्याने कागदावर छापलंय म्हणून बस दीपगृहापाशी नेली असती, आणि बाबा नाही म्हणाले नसते.

"लिही ना," मॅडम म्हणाल्या.

"ड्रायव्हरचा दोष नाही. गाइड बदला."

"गाइड म्हणजे तुझे वडील."

"हो."

"कारणाच्या रकान्यात काहीतरी लिहावं लागेल."

मी लिहिलं. दोनच शब्द होते. मॅडमनी फॉर्म स्वतःकडे फिरवला, वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. बाहेर बोट वळत होती आणि गोदीतलं पाणी भिंतींवर आपटत होतं.

"तुला कधी कळलं हे?" त्यांनी हळू विचारलं.

आज, असं म्हणता आलं असतं. त्यांनी ते मानलंही असतं.

बाबांना दिसत नव्हतं, आणि मला ते सव्वा वर्षापासून माहीत होतं.