डाव्या कोपऱ्यातला टॉवेल

कुठल्याही लेन्सचा मधला भाग पाहून तिच्यावर भाळायचं नाही, हा शिओमी नात्सुएचा नियम होता. मध्यभागी सगळ्याच गुणी असतात, खरा कस कोपऱ्यात लागतो. तोक्योच्या एका कॅमेरा-मासिकात ती वर्षानुवर्षं लेन्सांची परीक्षा लिहीत आली होती. तिने 'डावा कोपरा कच्चा' असं छापलं की दुकानदार ती लेन्स गुपचूप मागच्या फळीवर सरकवत.

परीक्षेची जागाही ठरलेली. तामाच्या टेकडीवर, तिच्या घराजवळ एक पादचारी पूल होता. त्यावर ट्रायपॉड रोवायचा आणि समोरच्या वसाहतीतली सात नंबरची इमारत टिपायची. सगळ्या बाल्कन्या एकसारख्या, ओळीने मांडलेल्या. लेन्सला लपायला जागाच नाही. पाचव्या मजल्यावरचं अगदी टोकाचं घर फोटोच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात यायचं. तिथला कठडा सपाट रंगाचा, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. पण नात्सुए पुलावर येईल तेव्हा त्या बाल्कनीत निळ्या चौकड्यांचा एक टॉवेल वाळत असायचाच. त्याची वीण हीच तिची कसोटी. फोटो संगणकावर मोठा केल्यावर धागे सुटे दिसले, दोन्ही टोकांचे चिमटे दिसले, खालच्या काठावरची ती नेहमीची फिकट घडी ओळखू आली, की लेन्स पास. तो कोपरा मासिकातही मोठा करून छापला जायचा. टॉवेल कुणाचा, हा प्रश्न तिला कधी पडला नाही. तिला विणीशी मतलब.

या वेळी परीक्षेला होती नागानोच्या डोंगरातल्या एका छोट्या कारखान्याची पहिलीवहिली लेन्स. सोमवारी संध्याकाळी नात्सुएने तिचे फोटो काढले होते. रंग ऊबदार. फोकसची कडी लोण्यासारखी फिरणारी. सूर्य समोर आला की मात्र चित्रावर पांढुरकी झाक यायची, पण ते कुणीही माफ करील. माफ न करण्यासारखी गोष्ट एकच होती. उजवा कोपरा कोरल्यासारखा स्पष्ट आणि डाव्या कोपऱ्यातल्या टॉवेलचा नुसता निळा लगदा. एक बाजू चांगली, दुसरी वाईट, याचा अर्थ आतलं एखादं भिंग बसवतानाच केसभर कलंडलंय. म्हणजे कारागिरीतच खोट. असं छापलं की त्या कारखान्याचं पहिलं पाऊल शेवटचंच ठरणार, हे तिला ठाऊक होतं.

म्हणून बुधवारी सकाळी ती आपली जुनी, भरवशाची लेन्स घेऊन परत पुलावर गेली आणि तेच चित्र त्याच जागेवरून काढून आली. जुन्या लेन्सने टॉवेलचा धागा न् धागा दाखवला. खटला संपला. आता फक्त निकाल लिहायचा होता, संध्याकाळपर्यंत.

पण बाई लिहायला बसेनात. चहा ओतला तो तसाच निवला. खिडकी उघडली, लावली, पुन्हा उघडली. काहीतरी खुपत होतं आणि काय ते सापडत नव्हतं. तेवढ्यात संपादक कुरोइवांचा फोन आला.

"शिओमी-सान, झालं का? की अजून टॉवेलच्या प्रेमात?"

"होतंय."

"होतंय म्हणजे सुरूच केलेलं नाही. कोपरा कच्चा निघाला, असं परवा तुम्हीच म्हणालात ना? मग लिहा आणि मोकळ्या व्हा. तुमच्या एका कोपऱ्यासाठी पान अडलंय."

फोन ठेवून तिने दोन्ही फोटो शेजारी-शेजारी लावले. सोमवारचा लगदा आणि आजचा टॉवेल. आणि मग दिसलं. टॉवेल दोन्हींत एकाच जागी होता, अगदी त्याच ठिकाणी; एरवी दर वेळी तो थोडा तरी सरकलेला असायचा. आधी वाटलं, आपणच कॅमेऱ्याच्या कार्डांची अदलाबदल केली. पण तसं कसं होईल? एक फोटो धूसर होता, एक स्वच्छ. मग तिने आजचा फोटो आणखी मोठा केला. टॉवेलला एकाच टोकाला चिमटा होता. दुसरं टोक लोंबत होतं. खालची ती फिकट घडीही नव्हती.

मंगळवारी दिवसभर पाऊस होता. पहिला थेंब पडला की सगळ्या वसाहतीत पळापळ होते आणि बाल्कन्या रिकाम्या होतात. हा टॉवेल पावसात भिजला होता आणि तरी कुणी आत घेतला नव्हता.

नात्सुएच्या मनात पाल चुकचुकली. ती स्वतःलाच समजावू लागली. गेलं असेल कुणी गावाला. पण गावाला जाणारा माणूस एका चिमट्यावर टॉवेल टांगून जाईल? जाईल की. घाईत असेल. आणि आपण तिथं जाऊन सांगायचं तरी काय? की इतकी वर्षं मी तुमचे वाळत घातलेले कपडे पुलावरून न्याहाळतेय, मोठे करून छापतेय? लोक पोलिसांना बोलावतील, आणि बोलावलेलंच बरं. ती पुन्हा खुर्चीत बसली. 'डावा कोपरा' एवढे शब्द टाइप केले. मग बूट चढवले आणि चक्क पळतच पूल ओलांडला.

सात नंबरच्या दाराशी एक ठेंगणी, साठी उलटलेली बाई कावळ्यांनी कचरा विस्कटू नये म्हणून त्यावर टाकायची जाळी धूत होती. शेजारी प्रवासाची बॅग तशीच पडलेली. गळ्यात रहिवासी संघाची ओळखपट्टी, त्यावर 'हिरामात्सु'.

"माफ करा," नात्सुए धापा टाकत म्हणाली, "पाचव्या मजल्यावर, त्या टोकाला कोण राहतं?"

हिरामात्सुबाईंनी तिला आपादमस्तक पाहिलं. "तुम्ही पुलावरच्या ना? टोपीवाल्या?"

"तुम्हाला माहीत आहे?"

"सगळ्यांना माहीत आहे. आम्हाला वाटायचं तुम्ही नगरपालिकेच्या. इमारत पाडायची म्हणून मोजमाप घेताय. एकदा तर संघाच्या बैठकीत तुमच्याविरुद्ध ठराव यायचा होता. मिनोवा-सान मध्ये पडले, म्हणाले, बाई कामाच्या आहेत, त्यांना त्यांचं काम करू द्या."

"मिनोवा-सान कोण?"

"आता तुम्ही विचारलंत ते टोकाचं घर त्यांचंच. खालच्या बाजारात केस कापायचे. आता दुकान बंद, आजोबा एकटेच असतात. मी त्यांच्या शेजारची. का हो, ताई? चेहरा का असा?"

नात्सुएने टॉवेलचं सांगितलं, पावसाचं सांगितलं. जाळी हिरामात्सुबाईंच्या हातातून खाली पडली. "मी शनिवारपासून मुलीकडे नागोयाला होते," त्या पुटपुटल्या, "आत्ताच आले." एवढं म्हणून त्या जिन्याकडे धावल्या. बॅग तिथंच राहिली.

लिफ्ट नव्हती. पाचव्या मजल्यावर दाराच्या फटीत वर्तमानपत्रं कोंबलेली होती. घंटा वाजवली, दार ठोठावलं, हाका मारल्या. आतून उत्तर नाही. हिरामात्सुबाई ॲम्ब्युलन्सला फोन लावू लागल्या, पण त्यांची बोटं भलतेच आकडे दाबत होती.

"तुमच्या बाल्कनीतून जाता येईल?" नात्सुएने विचारलं.

"मध्ये पत्रा आहे. आग लागली तर फोडायचा."

"मग आग लागलीय असं समजा."

पत्रा दिसायला दणकट, पण निघाला पुठ्ठ्याचा भाऊ. तीन लाथांत फुटला. नात्सुए खरचटत पलीकडे शिरली आणि पहिल्यांदा त्या टॉवेलसमोर उभी राहिली. त्याच्या काठावर छोटी अक्षरं विणलेली होती, 'मिनोवा केशकर्तनालय'. इतक्या वर्षांत एकाही लेन्सने तिला ती वाचून दाखवली नव्हती.

सरकतं दार उघडंच होतं. उंबऱ्याच्या आत म्हातारा कुशीवर पडला होता. एक पाय विचित्र वळलेला. शेजारी चहाची रिकामी बाटली लवंडलेली आणि हातभर अंतरावर प्लॅस्टिकचा एक निळा चिमटा.

डोळे उघडे होते. ते तिच्याकडे वळले.

"पुलावरच्या," तो कोरड्या घशाने म्हणाला. "आज जवळून बघायला आलात होय."

नात्सुएला रडूच कोसळलं. तिने नळावरून ओंजळभर पाणी आणून त्याचे ओठ ओले केले, डोकं मांडीवर घेतलं. हिरामात्सुबाई फुटक्या पत्र्यातून आत आल्या, "येताहेत, येताहेत," म्हणत आणि आजोबांच्या पायाशी मटकन बसल्या.

"बोलू नका," नात्सुए म्हणाली.

"सोमवारपासून गप्पच आहे," मिनोवा म्हणाला. "दुकानात गिऱ्हाइकांसाठी तुमचं मासिक घ्यायचो. एकदा पान उलटलं तर माझाच टॉवेल. मासिकात. एवढा मोठा. त्यानंतर तुम्ही पुलावर दिसलात की मी तो बाहेर काढायचो. तुमची परीक्षा अडू नये."

"माझ्यासाठी?"

"मळका नको दिसायला. छापून येतं ना." तो थांबला, श्वास घेतला. "सोमवारी तुम्ही अचानक आलात. वारा होता. घाईत एकच चिमटा लावला. दुसरा घ्यायला आत आलो, घेऊन वळलो, तर पाय घसरला. टॉवेल फडफडत होता, मला इथून दिसत होता. तुमचा फोटो हलला असणार. त्या लेन्सला नापास करू नका हं. तिची काही चूक नव्हती."

नात्सुएने निळा चिमटा उचलून मुठीत घट्ट धरला.

ॲम्ब्युलन्सची माणसं आली. खुबा मोडलाय, म्हणाली, पण जीव शाबूत आहे; आणखी एक दिवस गेला असता तर कठीण होतं. हिरामात्सुबाई त्यांच्यासोबत गेल्या. जाताना आजोबांच्या घराची किल्ली नात्सुएच्या हातात ठेवून म्हणाल्या, "ताई, दार लावून घ्या. आणि तो टॉवेल तेवढा आत घ्या."

पण तिने टॉवेल आत घेतला नाही. दुसऱ्या टोकाला निळा चिमटा लावला, मान वर केली, तर समोर पूल अख्खा दिसत होता. माणूस ट्रायपॉडचे पाय उघडतोय हे इथून सहज कळलं असतं.

दार लावून ती पूल ओलांडून परतली. घरून नागानोची लेन्स पुलावर आणली आणि उरलेल्या उन्हात फोटो काढले. डावा कोपरा कोरल्यासारखा आला, दोन्ही चिमट्यांसकट. कारागिरीत तसूभर खोट नव्हती. घरी येऊन ती अजून अंगातला कोट न काढताच लिहायला बसली होती, तोच कुरोइवांचा फोन आला.

"काय ते एकदा सांगा, शिओमी-सान. डावा कोपरा कच्चा ना?"

"नाही. लेन्स चांगली आहे. खोट माझ्या परीक्षेत होती."

"म्हणजे काय?"

तिला उत्तर द्यायचं होतं. पण तिची नजर पडद्यावर खिळली होती. आजच्या टॉवेलच्या खालच्या काठावर ती फिकट घडी नव्हती. तिने जुने फोटो उघडले, तिने 'उत्तम' म्हटलेल्या लेन्सांचे, तिच्या मते ज्यांचा कोपरा सगळ्यांत चांगला होता ते. सगळ्यांत घडी होती. एक फोटो तिने मोठा केला, आणखी मोठा केला, विणीवरून नजर काढून फक्त काठावर ठेवली.

ती घडी नव्हती. चार बोटं होती. कठड्याआड ओणवं बसून कुणीतरी टॉवेलचं टोक धरून ठेवलं होतं, वाऱ्याने हलू नये म्हणून.

"शिओमी-सान? ऐकताय ना?" कुरोइवा फोनवर विचारत होते.